मोठीचा टाक

माय,

तू गेलीस त्या दुपारी बायांनी तुझ्या अंगावरचं एकेक उतरवून माझ्या ओंजळीत ठेवलं. कानातल्या कुड्या, हातातल्या पाटल्या. शेवटी कमलआत्यानं तुझ्या गळ्यातला काळा गोफ सोडवला. त्यात तो टाक होता. बाकीचं देताना आत्या काही बोलली नव्हती. टाक मात्र तिनं माझ्या हातात न देता तुझ्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "हा तिच्यासंगच जाते. पह्यलीचा टाक दुसरीनं न्यायचा असते."

मी तो उचलला आणि मूठ मिटली.

"सुधाकर, सोड."

"नाई सोडत, आत्या."

एवढंच बोलणं झालं. बाहेर तिरडी बांधणं चालू होतं, ऊन वाढत होतं, वाद घालायची ती वेळ नव्हती. पण आत्यानं विषय तिथं सोडला नाही. दहाव्याला तिनं तो पुन्हा काढला, तेरवीला सगळ्या पाहुण्यांसमोर काढला. अक्षय तृतीयेच्या आत टाक नदीत सोड, नाहीतर मोठी घरात भटकत राहील, असं तिचं म्हणणं. मोठी म्हणजे माझी जन्मदाती. तिला पाहिल्याचं मला आठवत नाही. अक्षय तृतीया आता तोंडावर आली आहे. मी काय ठरवलं ते तुला सांगायला हवं, कारण या टाकावरून आपलं भांडण अर्धंच राहिलं होतं.

आपल्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीच्या पत्र्यावर बाईचं चित्र उठवलेलं, वर कडी. रोज सकाळी आधी तिला हळदकुंकू, मग स्वतःला. नवं लुगडं आलं की पदर आधी तिला लावायचा. बहुतेक जणी हे धाकानं करतात, पहिलीचा जीव दुसरीच्या संसारात अडकून राहू नये म्हणून. तू धाकानं करत होतीस असं मला कधी दिसलं नाही. तू तिच्याशी बोलायचीस. बाबा तुझ्यावर खेकसले की तू टाक दोन बोटांत धरून त्यांच्यासमोर करायचीस. "पाह्य वो मोठी, तुहा नवरा कसा बोलून राह्यला." बाबा चप्पल पायात सरकवून बाजाराकडे निघून जायचे. एकीसमोर त्यांनी आवाज चढवला असता, दोघींसमोर त्यांचं चालत नसे.

मी तुला माय म्हणायचो आणि टाकाला चांदीची माय. तुझ्या मांडीवर झोपलो की तो टाक माझ्या तोंडात असायचा. तू तो ओढून काढायचीस. "तिले खाऊ नको बावा, एकच हाये." सुनंदा झाल्यावर तिनंही तेच केलं, आणि तिलाही तू हेच सांगितलंस. ती तुझ्या पोटची आणि मी मोठीच्या पोटचा, हे आम्हाला बाहेरच्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. कळल्यावर आम्ही दोघं भांडलो ते एवढ्यावरच, की चांदीची माय जास्त कोणाची.

हा टाक इतरांसारखा पत्र्याचा नव्हता. तो जाड होता, कडेनं ओबडधोबड, पूर्ण गोलसुद्धा नाही. एका बाजूनं बाईचं तोंड, डोक्यावर पानांचा गजरा, गजऱ्याचे बंद मानेवर सुटलेले. भोवती काही नक्षी. हे असं का, ते मी शाळेत जायला लागल्यावर तुला विचारलं होतं, आणि तू हसत सांगितलं होतंस. तुझं लग्न घाईत ठरलं. टाक करायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. आदल्या दिवशी बाबा दारव्ह्याच्या सोनाराकडे गेले. सोबत मोठीच्या गळ्यातलं जुनं चांदीचं नाणं होतं, काळ्या दोऱ्यात दोन मण्यांमध्ये ओवलेलं. तिला ते तिच्या आजीकडून आलं होतं. आजीकडे कुठून आलं ते कोणाला माहीत नाही. बाबा सोनाराला म्हणाले, हे तिच्याच गळ्यातलं आहे, हे आटवून तिचाच टाक कर. सोनारानं नाणं उजेडात धरलं आणि म्हणाला, "याच्यावर बाई हायेच. आटवून पुन्हा बाईच काढाची, तर आटवाची कायले?" त्यानं वर एक कडी डाक देऊन जोडली आणि दिलं. संध्याकाळच्या आत काम झालं. दुसऱ्या दिवशी ते तुझ्या गळ्यात पडलं.

घरात मोठीचा एकही फोटो नव्हता. गावात तेव्हा फोटो काढायची रीतच नव्हती. तू तिच्याच गावची, बाभुळगावकडची. लहानपणी तू तिला नदीवर, लग्नात, हळदीत पाहिलेलं. म्हणून मी टाक धरून तुलाच विचारायचो, "अशीच होती?"

"अशीच."

"नाक?"

"नाक बी असंच. धारदार."

माझं समाधान व्हायचं. मी कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसणारा माणूस. भरली गाडी किती, रिकामी किती, हे स्वतः पाहिल्याशिवाय मी पावती फाडत नाही. पण या एका बाबतीत मी कधी दुसरा काटा शोधला नाही. आईचं तोंड मला माहीत आहे, असं मी धरून चाललो.

तुला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी तुझी नात मयुरी यवतमाळला कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली आणि तू ओसरीवर टाक चिंचेनं घासत बसली होतीस, दरवर्षी बसायचीस तशी. तिनं मोबाइलवर फोटो काढले, पुढून आणि मागून. सुट्टीनंतर ते तिच्या इतिहासाच्या सरांना दाखवले. सरांनी आणखी फोटो मागवले, कडेचे, वजनही मागवलं. वजन मी सोनाराच्या काट्यावर करून दिलं, कडीसकट चार ग्रॅमच्या आत. मग एका रविवारी आपण जेवायला बसलो होतो आणि मयुरीचा फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"बाबा, सर म्हणतात ते रोमन नाणं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं. नाहीतर त्या काळात इथंच केलेली त्याची नक्कल. हातात घेतल्याशिवाय नक्की सांगता येत नाही म्हणे."

"आणि ती बाई?"

"ती बाई नाही, बाबा. तो राजा आहे. तिकडचे राजे दाढीमिशी ठेवत नसत. डोक्यावर गजरा नाही, पानांचा मुकुट आहे. भोवतीची नक्षी म्हणजे त्याचं नाव."

भाकरी हातात तशीच राहिली. तुझी सून माझ्याकडे पाहत होती, मी तुझ्याकडे. तू टाक पुढे धरून डोळे बारीक करून पाहिलंस आणि म्हणालीस, "म्हंजे इतके वर्सं मी परक्या पुरुषाले कुंकू लावून राह्यली?"

मग तू जी हसलीस, ती ठसका लागेपर्यंत. "बरं झालं, हे नव्हते. त्याइनं घराबाहेर काढलं असतं मले." बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मी हसलो नाही. तुला तो माझा कोरडेपणा वाटला, आणि तू तसं बोलूनही दाखवलंस. खरं कारण वेगळं होतं. त्या क्षणापर्यंत माझ्याजवळ आईचं तोंड होतं, आणि आता नव्हतं. मी हिशेब करत होतो की उरलं काय.

म्हणून मी दुसऱ्याच दिवशी तुला म्हटलं, आपण नवा टाक करू. खरा. चांगल्या कारागिराकडून उठवून घेऊ.

"कोणाच्या तोंडावरून?" तू विचारलंस.

"तू सांग. तू पाहिलं आहेस तिला."

"सांगून तोंड होत असते काय?"

"मग माझ्यावरून. सगळे म्हणतात मी आईवर गेलो."

तू माझ्याकडे नीट पाहिलंस. "बरं. मंग मिशीसकट कोराले सांगजो."

तुझी सून स्वयंपाकघरात हसली, आणि मला राग आला. मी म्हटलं, खोट्याला कुंकू लावणं मला पटत नाही. तू म्हणालीस, "खोटं काय हाये याच्यात? हे तिच्या गळ्यातलं हाये. तिच्या घामाचं हाये. तोंडाचं काय घेऊन बसला." मी म्हटलं, तोंडासाठीच तर टाक करतात. यावर तू उठून गेलीस. माझं म्हणणं मला अजूनही चुकीचं वाटत नाही, माय. जे नाही त्याला आहे म्हणायचं नाही, हे तूच मला शिकवलंस. बाजारातून आणलेल्या तुरीच्या डाळीत खडा निघाला तर तू दुकानदाराला तोंडावर सांगायचीस.

त्यानंतर आठवडाभर तू माझ्याशी कामापुरतंच बोललीस. एके सकाळी पाहिलं तर टाक उलटा होता. पाठीमागची बाजू पुढे केली होती. त्या बाजूला खरंच एक बाई आहे, उंच खुर्चीवर बसलेली, एका हातात लांब काठी, दुसऱ्या हातात डहाळी. ती राणी की देवी, हे सरांनाही नक्की सांगता आलं नव्हतं. सोनारानं कडी राजाचं डोकं वर राहील अशी जोडलेली, त्यामुळे उलटं केलं की ती बाई कलते, झोपाळा एका बाजूला गेल्यासारखी. माझ्यासाठी तू एवढं केलंस, याचं मला बरं वाटलं.

पण काही दिवसांनी राजा पुन्हा पुढे आला. मी विचारलं, "काहून फिरवला?"

तू तुळशीला पाणी घालत होतीस. "त्या बाईचं तोंड दिसत नाई रे. तिळाएवढं हाये. मले बोलाले तोंड पाह्यजे."

"पण ते तिचं नाही."

"माहं बोलणं तं तिच्याशीच हाये न."

आपलं भांडण इथं थांबलं. संपलं असं मी म्हणणार नाही, कारण त्यानंतर दर दिवाळीला तू चिंच भिजवलीस की मी म्हणायचो, सर सांगतात जुनं नाणं घासू नये, आणि तू म्हणायचीस, "मंग काय तिले मळकी ठेवू सणाले?"

सरांचं दुसरं एक म्हणणं मात्र तुला फार आवडलं होतं. तिकडची नाणी व्यापारात इकडे आली, तेव्हा इथल्या बायकांनी त्यांना भोकं पाडून, कड्या लावून गळ्यात घातली. ज्यांना चांदी मिळाली नाही त्यांनी मातीची तशीच पदकं करून घातली. जमिनीत अजून सापडतात म्हणे. हे मी तुला वाचून दाखवलं तेव्हा तू टाकावर बोट आपटून म्हणालीस, "मंग मी काय नवं केलं? ज्याले गळा हाये ते गळ्यात घालते." मग हळूच विचारलंस, "त्या बायाइले माहीत असन का, का हा राजा हाये?"

"सगळ्यांना नसेल."

"तं बरं हाये," असं म्हणून तू समाधानानं उठलीस. दोन हजार वर्षांतल्या सगळ्या जणी तुझ्या बाजूनं उभ्या राहिल्यासारखी.

बाबा गेले तेव्हाचं एक सांगायचं राहून गेलं. तुझं मंगळसूत्र काढलं, आणि कोणीतरी टाकालाही हात घातला. नवराच नाही तर सवत कसली, असं त्या बाईचं म्हणणं. तू तिचा हात धरलास. "माहं मंगळसूत्र त्याइचं होतं. ही माही हाये." मी दारात उभा होतो. दुसऱ्या दिवसापासून तुझं कपाळ मोकळं राहिलं, पण टाकाला कुंकू चुकलं नाही. ती सवाष्ण गेली होती, तिचं कशाला मोडायचं, असा तुझा सरळ हिशेब. इतकी वर्षं आधी तिला आणि मग तुला असं दोघींचं होतं. नंतरची दहा वर्षं तू फक्त तिला लावलंस. मी रोज कामावर निघताना हे पाहत होतो आणि त्यावर तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. काय बोलायचं हे मला कळत नव्हतं. आता कळतं, की मला एवढंच म्हणायचं होतं: माझ्या आईची एवढी काळजी माझ्या घरात दुसऱ्या कोणीही घेतली नाही. मी धरून.

आता तेरवीचं सांगतो.

जेवणं झाल्यावर आत्या ओसरीत टेकून बसली होती. टाकाचं पुन्हा निघालं. मी म्हटलं, "आत्या, आईच्या तोंडाशी जुळणारं म्हणून हे एकच आहे. माय सांगायची, नाक तिचं असंच होतं, धारदार."

आत्यानं माझ्या हातातून टाक घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "धारदार? कोण म्हणे? मोठीचं नाक बसकं होतं. आम्ही तिले चिडवत होतो त्याच्यावरून. तुहं हाये न, तसंच."

सुनंदा शेजारी बसली होती. तिनं माझ्या नाकाकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. मी उठून आत गेलो आणि आरशासमोर उभा राहिलो. माझं नाक बसकं आहे. पन्नास वर्षं ते तिथंच आहे. लोक म्हणत होते तू आईवर गेलास. तू म्हणत होतीस आईचं नाक धारदार. दोन्ही वजनं माझ्यासमोर होती आणि मी कधी एकासमोर एक ठेवून पाहिली नाहीत.

तू हे ठरवून सांगितलंस, की पोराला बरं वाटावं म्हणून एकदा तोंडातून गेलं आणि मग तुला ते मोडता आलं नाही? की लहानपणी नदीवर पाहिलेली बाई तुला खरंच तशी आठवत होती? हे मला तुला विचारायचं आहे. चार वर्षांपूर्वी विचारलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, पण तुझ्या तोंडावरून मला कळलं असतं. आत्याचं म्हणणं मी ऐकून घेतलं, ते बहुधा बरोबरही असेल. पण ते कळल्यावर मला तुझा राग आला नाही. मी राग येण्याची वाट पाहिली, प्रामाणिकपणे पाहिली. आला नाही.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर मयुरीनं मोबाइलवर सरांनी पाठवलेला एक फोटो दाखवला. त्याच राजाचं, तशाच नाण्याचं, पण न वापरलेलं. त्यावर नाक खरंच धारदार आहे, पोपटाच्या चोचीसारखं पुढे आलेलं. आपल्या टाकावर तसं नाही. कपाळ आणि नाकाचा शेंडा झिजून एक झालेत. रोज आधी पदरानं पुसणं, मग अनामिकेनं कुंकू, वर्षातून एकदा चिंच आणि राख. जिथं उंचवटा, तिथं झीज. झीज प्रेमानं होत नाही, घासल्यानं होते, हे मला कळतं. पण घासलं कोणी आणि कोणासाठी, हेही मला माहीत आहे. मी टाक गालाजवळ धरून पुन्हा आरशात पाहिलं. मयुरी म्हणाली, "बाबा, आता तुमच्यासारखंच आहे." मिशी सोडून.

तेव्हाच माझं ठरलं, की हा नदीत जाणार नाही.

पण नाही म्हणणं पुरत नाही. ठेवायचा तर कुठं, हे ठरायला हवं. आत्याच्या समाधानासाठी मी म्हटलं, देव्हाऱ्यात पितरांच्या टाकांजवळ ठेवतो. आणि लगेच तुझं बोलणं आठवलं. बाबा गेल्यावर मीच एकदा तसं सुचवलं होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "देव्हाऱ्यात बसवली का सणावाराले आठोन होते. गळ्यात असली का रोज." म्हणजे देव्हारा नाही. गळाच हवा.

कोणाचा, हे मी एकेक करून तपासलं. सुनंदाला विचारलं. ती महागावला परत निघाली होती, पिशवी खांद्यावर होती. टाक घेऊन तिनं कपाळाला लावला, रडली आणि परत दिला. "दादा, मी कशी घालू? मी कोणाची दुसरी नाई. माह्या सासूनं पाह्यला तं ते म्हनन, आमच्या पोराले कोणती पह्यली होती?" बरोबर होतं. मग तुझ्या सुनेला विचारलं. तिनं भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. "मी जिती असताना मीच सवतीचा टाक घालू? तुमचा दुसरीचा विचार हाये काय?" तेही बरोबर होतं. मयुरीचं लग्न व्हायचं आहे, तिच्या गळ्यात हा टाक कोणी पाहिला तर काय अर्थ काढतील, ते सांगायला नको. ज्या ज्या बाईच्या गळ्यात हा पडेल, तिला तो काहीतरी करून सोडेल. कोणाची तरी दुसरी, नाहीतर कोणाची तरी पहिली.

सवत नसते ती फक्त पुरुषाला.

सरांनी मला आणखी एक वाट सुचवली होती, ती मी विचार केल्याशिवाय सोडली नाही. संग्रहालयात दिलं तर नीट जपलं जाईल, अभ्यासाला येईल. खरं आहे ते. म्हणून मी सरांना घरी बोलावलं आहे. त्यांनी यावं, मोजावं, फोटो काढावेत, अस्सल की नक्कल ते सांगावं. जे निघेल ते मी मान्य करीन. माझ्यानंतर मयुरीनं तो संग्रहालयात द्यावा, असंही मी तिला सांगून ठेवलं आहे. अट एकच. राजाचं नाव लिहा, पण खाली हेही लिहा, की हा अमुक गावात एका बाईचा टाक म्हणून दुसऱ्या बाईनं जन्मभर गळ्यात घातला. आणि अक्षरांच्या खाचेत जे कुंकू बसलं आहे, ते धुऊ नका. मयुरी म्हणाली, संग्रहालयवाले अटी ऐकत नाहीत. मी म्हटलं, मग देऊ नको.

काल मी आत्याच्या घरी गेलो होतो. तिला सांगून करायचं होतं, चोरून नाही. ती खाटेवर बसून लसूण सोलत होती.

"आत्या, टाक नदीत सोडत नाही. मी गळ्यात घालतो."

तिनं लसूण सोलणं थांबवलं नाही. "पुरुषाच्या गळ्यात सवतीचा टाक? लोक हासतीन ना रे."

"हसू दे. टाकावरही पुरुषच आहे."

आत्यानं वर पाहिलं. तिला ती राजाची गोष्ट कोणी धड सांगितलीच नव्हती. मी सांगितली, पानांच्या मुकुटापासून दाढीमिशीपर्यंत. मग तिचे खांदे हलायला लागले. "म्हंजे आपल्या शांतीनं…" तुझं नाव घेऊन तिला पुढे बोलवेना. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, तुझ्यासारखाच ठसका लागला. मी तिला पाणी दिलं.

"मंग राहा म्हना दोघं पुरुष पुरुष," ती म्हणाली. आणि मग, जरा वेळानं, "पण मोठीचं कुंकू कोण करन? तुले येते काय?"

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. घरी येताना रस्ताभर तोच डोक्यात होता.

आज सकाळी अंघोळ करून मी गोफ गळ्यात बांधला. तुझ्या मानेच्या मापाचा होता, मला आखूड पडला. गाठ सोडून दोरा वाढवला. टाक शर्टाच्या आत टाकणार, तोच तुझी सून हळदकुंकवाचा करंडा घेऊन समोर आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. आत्यानं फोन केला असेल, किंवा तिनं स्वतःच ठरवलं असेल.

"हलू नका," ती म्हणाली. तिनं पदरानं टाक पुसला, आधी हळद लावली, मग कुंकू, आणि मग तेच बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. तिला अगदी जवळ यावं लागलं, कारण टाक माझ्या छातीवर होता. मला कुठं पाहावं ते कळेना, म्हणून मी भिंतीकडे पाहत उभा राहिलो.

"आता रोज शर्टाला डाग पडतीन," ती म्हणाली.

म्हटलं, पडू दे.